मे महिन्याच्या बैठकीत एक विषय वाढवा : कोकणच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

प्रत : मा. मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र राज्य

विषय : विजेच्या गाड्यांचे चार्जिंग आणि बॅटरी साठवणूक यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी होण्याबाबत

महोदय/महोदया,

दरवर्षी मे महिन्यात आपल्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. दरडप्रवण वाड्या, धोकादायक झाडं, होर्डिंग, साकव, होड्या, औषधसाठा, सगळ्याचा हिशेब तिथे मांडला जातो. त्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ती ओळ म्हणजे चार्जिंग पॉइंट आणि लिथियम बॅटऱ्या.

मी गुहागर तालुक्यात वायरिंगची कामं घेतो, परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. घरं, हॉटेलं, आंब्याचे कारखाने, देवळं अशी आमची गिऱ्हाइकं. पूर्वी होमस्टेवाल्याला पाहुणा फोनवर विचारायचा, एसी आहे का, मासे मिळतील का. आता तिसरा प्रश्न येतो, गाडी चार्ज करायची सोय आहे का. धंदा हातचा जाऊ नये म्हणून उत्तर 'हो' असतं आणि मग आम्हाला बोलावणं येतं. उद्या पाहुणे येणार, आज पॉइंट काढून द्या.

हे पत्र विजेच्या गाड्यांच्या विरोधात नाही. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, आणि विजेच्या गाड्या वाढल्या तर आमच्या पोटापाण्याचंही भलंच आहे. पण कोकणात ही वीज कुठल्या जमिनीवर, कुठल्या हवेत आणि कुठल्या पाण्यात वापरली जाते, हे नियम लिहिणाऱ्यांनी पाहिलेलं दिसत नाही. ते पाहण्याचं काम जिल्ह्यातच होऊ शकतं.

सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे गळालेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीपासून करतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. विजेच्या मोटारीचा चार्जर सॉकेटला लावला की तो आधी अर्थिंग तपासतो. अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा लावतो आणि चार्जिंग घेत नाही. यंत्र शहाणं आहे. पण पाहुणा वैतागलेला असतो, मालक कावराबावरा झालेला असतो, आणि मग गावातला कोणी हुशार गडी सॉकेटच्या मागे बोटभर वायरचा तुकडा टाकून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीत जाणारी तार) एकत्र जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, ही मागणी त्याच्याकडे आलेली असेल. नाही म्हटलं तर 'तुला जमत नाही' असं ऐकून घ्यावं लागतं.

आता जूनमधली वाऱ्या-पावसाची एक रात्र धरा. वाडीतून जाणारी लाइन माड-फणसांच्या खालून जाते. झावळी पडून न्यूट्रल तुटला आणि फेज (वीज आणणारी तार) तसाच राहिला, ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नाही. घरातल्या फ्रीज-पंख्यांतून परत निघालेल्या विजेला मागे जायला वाट राहत नाही. ती त्या तुकड्यातून अर्थच्या तारेत शिरते आणि थेट गाडीच्या पत्र्यावर येते. गाडी रबराच्या टायरांवर उभी, म्हणजे ती वीज जमिनीत उतरतही नाही. पत्र्याला हात न लावता कळायचं काही कारण नाही. ओल्या खळ्यात अनवाणी उभा राहून गाडीचं दार उघडणारा माणूस तिला जमिनीची वाट करून देतो. हा प्रकार आगीपेक्षा जास्त घरांत घडू शकतो असं माझं मत आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी 'विजेचा धक्का लागून मृत्यू' एवढीच येईल, गाडीचं नावही येणार नाही.

हा तुकडा टाकायची वेळ का येते? कारण आपली जमीन जांभ्याची. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, दोन फूट खणलं की पहार ठणकते. तिथेच कोळसा-मीठ टाकून पाइप पुरला जातो आणि वर सिमेंटचं चौकोनी झाकण बसतं. जुलैमध्ये अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर लावा, आकडा झकास कमी येतो, कारण सगळा कातळ पाण्याने भिजलेला असतो. तोच खड्डा एप्रिल-मेमध्ये मोजा. जांभा कोरडा ठणठणीत झालेला असतो आणि आकडा कित्येक पटींनी चढलेला असतो. त्यात खाऱ्या हवेने जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी पापुद्रे सुटून गळायला आलेली असते आणि तांब्याचे लग (तारेच्या टोकाचे जोड) हिरवे पडलेले असतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या होमस्टेत हे दोन-तीन पावसाळ्यांत होतं. म्हणून तपासणी करायची तर मे महिन्यातच करावी. तेव्हा जमीन सर्वांत वाईट अवस्थेत असते, म्हणजे खरा आकडा तेव्हाच कळतो. आणि गळक्या ग्लँड, कुजलेले गॅस्केट अशी पाणी अडवणारी सील बदलायला पावसाआधी दोन आठवडे हातात राहतात.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा विनियमांत विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र तरतुदी घातल्या आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही त्या आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा. गाडी चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहिली पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा केबलला जोडलेली दुसरी केबल चालणार नाही. वीज ३० मिलिअँपिअर गळली की पुरवठा तोडणारं गळतीसंरक्षण हवं. मला यातला एकही नियम चुकीचा वाटत नाही. अडचण त्यांच्या आणि आमच्या पडवीच्या मधल्या अंतराची आहे.

गणपतीच्या दिवसांत कुठल्याही गावात फिरून बघा. चाकरमानी मुंबईहून विजेची गाडी घेऊन येतो. घर उतारावर, रस्ता वर, गाडी रस्त्याच्या कडेला. माजघरातल्या सॉकेटमधून मिक्सरचा एक्स्टेन्शन बोर्ड निघतो, खिडकीतून बाहेर येतो, पागोळ्यांखालून, तुळशीला वळसा घालून गाडीपर्यंत जातो. बोर्डावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते, पाणी जाऊ नये म्हणून. रात्रभर पंधरा अँपिअरची गाडी सहा अँपिअरच्या वायरवर चालते. सकाळी पिशवीतला बोर्ड पिवळा पडलेला, प्लग वितळून चिकटलेला. आरतीला पंचवीस माणसं त्याच पडवीत उभी असतात.

आणि गळतीसंरक्षणाचं म्हणाल, तर ते देणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, अनेक घरांत असतो. पावसात सारखा पडतो, म्हणजे वीज तोडतो, म्हणून कोणीतरी तो डावलून सरळ जोडणी करून ठेवलेली असते. तो का पडतो, याचा शोध घ्यायला वेळ लागतो. डावलायला दहा मिनिटं पुरतात. जिथे तो शाबूत आहे तिथे दुसरी मेख आहे. दुकानात स्वस्तात मिळतो तो साधा 'एसी टाइप', फक्त घरातल्या एसी विजेची गळती ओळखणारा. गाडीच्या चार्जरमधून डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाची गळती झाली तर त्याचा गाभा भारून जातो आणि पडायच्या वेळी तो पडत नाही. चार्जिंगसाठी 'ए टाइप' आणि सोबत ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय लागते, नाहीतर 'बी टाइप' लागतो. 'बी टाइप' तालुक्याच्या दुकानात विचारला तर मागवावा लागेल असं सांगतात, आणि किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जातं. चांगल्या कंपनीच्या भिंतीवरच्या चार्जरमध्ये ही डीसीची सोय आतच असते. साध्या सॉकेटवर ती नसते, आणि आपल्याकडे निम्मं काम साध्या सॉकेटवर चालतं.

आता पाण्याकडे येतो. ८०० मिलिमीटर म्हणजे साधारण मांडीपर्यंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत माणूस बुडेल इतकं पाणी होतं. महाडला सावित्रीचं पाणी कुठवर येतं ते तिथल्या भिंती सांगतील. गाड्यांच्या बॅटऱ्यांवर 'आयपी ६७' छापलेलं असतं आणि विक्रेते ते मोठ्या अभिमानाने दाखवतात. त्याचा अर्थ एवढाच की चाचणीत ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली. चिपळूणची वाशिष्ठी नदी अर्ध्या तासात ओसरत नाही. आणि खाडीला भरती असेल तर ते पाणी गोडही राहत नाही.

खारं पाणी आणि बॅटरी यांचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या लाटेत न्यू जर्सीच्या नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या एकाच बनावटीच्या १६ गाड्या जळाल्या. २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात पाणी ओसरल्यावर, काही ठिकाणी कित्येक दिवसांनी, विजेच्या गाड्या पेटल्या. पाणी आत शिरतं, ओसरतं, मीठ मागे राहतं आणि त्या मिठातून वीज वाट काढते. म्हणून तिथे सांगतात की बुडालेली गाडी इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा, सुरू करू नका, चार्ज करू नका. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला बुडालेल्या गाड्या मिळेल त्या मोकळ्या जागेत एकमेकींना खेटून उभ्या केल्या होत्या. तेव्हा त्यांत विजेच्या गाड्या नगण्य होत्या. पुढच्या पुरात त्या नगण्य नसतील. त्या नेऊन ठेवायची उघडी जागा प्रत्येक पूरप्रवण शहरासाठी आत्ताच ठरवून ठेवता येईल, त्याला खर्च काही नाही.

पूररेषेचंही तेच. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांवरून झालेली भांडणं आपल्याला माहीत आहेत आणि मला त्यात पडायचं नाही. घर बांधायला हरकत घ्यायची की नाही हा मोठा वाद आहे. पण निळ्या रेषेच्या आत जमिनीलगत फास्ट चार्जर किंवा बॅटरीची खोली नको, आणि ठेवायचीच तर माहीत असलेल्या पूरपातळीच्या वर चौथरा करून ठेवावी, यावर कोण भांडेल?

बॅटरीच्या खोलीचा उल्लेख मुद्दाम केला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्या वर्षी तौक्ते आलं. तेव्हापासून लोकांचा इन्व्हर्टरवरचा भरवसा वाढला. शिशाच्या जाड बॅटऱ्या जाऊन लिथियमच्या आल्या. छतावर सौर पॅनेल, खाली हायब्रिड इन्व्हर्टर, शेजारी कपाटाएवढी बॅटरी. ती कुठे ठेवतात? जिन्याखाली, नाहीतर मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात, जिथे गॅसचं सिलिंडरही असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला, त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्या वर्षी देशभर स्कूटर पेटल्यानंतर केंद्राने बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. पण त्या नव्या गाड्यांना. त्याआधीच्या बॅटऱ्या आणि सेल जुळवून गल्लीत बांधलेले पॅक अजून फिरत आहेत. निदान दाराच्या वाटेत आणि झोपायच्या खोलीत चार्जिंग नको, एवढं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिता येईल.

मोठी साठवणूकही दारात आहे. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तास बॅटरी साठवणुकीसाठी तूटभरपाईची (खर्चाचा काही भाग सरकारने उचलण्याची) योजना मंजूर केली. सौर वीज दुपारी होते आणि मागणी संध्याकाळी असते, तेव्हा हे व्हायलाच हवं. कोकणात अशा बॅटऱ्यांचे कंटेनर आले तर बहुधा सड्यावर येतील, कारण सपाट मोकळी जागा तिथेच आहे. त्या दिवसाआधी दक्षिण कोरियाची गोष्ट वाचावी. २०१७ पासून तिथल्या साठवण केंद्रांना एकामागून एक आगी लागल्या. सरकारी समितीने २३ आगींचा तपास केला आणि जून २०१९ मध्ये कारणं सांगितली. विद्युत संरक्षण अपुरं, बसवताना निष्काळजीपणा, सगळ्या यंत्रणांवर मिळून एक नियंत्रण नाही, आणि चौथं कारण असं की केंद्रं डोंगरात आणि समुद्रकिनारी, दमट हवेत, धुळीत उभारली आणि तिथली हवा सांभाळली नाही. आत दव साचलं, इन्सुलेशन गेलं. हे वाचताना मला रत्नागिरीच आठवली.

अशी आग लागली तर? लिथियमच्या आगीवर पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मारून ज्वाळा बसते, आग जात नाही. सेलच्या आतच उष्णता तयार होत राहते, एकाने दुसरा तापतो, विझल्यासारखी वाटलेली आग काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा धरते. गार करायला हजारो लिटर पाणी लागतं. मोकळ्या जागेतला एकटा कंटेनर असेल तर कधी कधी आजूबाजूचं वाचवून तो जळू देणंच शहाणपणाचं असतं. एप्रिलमध्ये सड्यावरच्या ज्या वाड्यांना पिण्याचं पाणी टँकरने येतं, तिथे एवढं पाणी आणणार कुठून? आणि आणलं तरी ते जांभ्यातून झिरपून खालच्या विहिरींत उतरणार. दूषित पाणी अडवायची टाकी आणि आगीसाठी राखीव पाण्याचा साठा, या दोन अटी परवानगीच्या कागदावर आधी हव्यात. नंतर कोणी बांधत नाही.

बंबाच्या जवानांसाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात बॅटरीच्या बंद खोलीतून धूर येत होता. जवानांनी काही तास थांबून दार उघडलं आणि आत साचलेल्या वायूचा स्फोट होऊन ते गंभीर जखमी झाले. ते शिकलेले, साधनं असलेले जवान होते. आपल्याकडे गावात बंब नाही. तो नगरपरिषदेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा, घाटवळणांनी चाळीसेक किलोमीटरवरून येणार. तोवर गावातली पोरंच दार उघडायला धावणार. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आपल्याकडे आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात 'हे दार उघडायचं नाही' हा अर्धा तास घालता येईल. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंगला बॅटरी केंद्र पेटलं तेव्हा हजारावर लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं, आणि फेब्रुवारीत तिथे पुन्हा आग धरली.

आता हे पत्र आपल्यालाच का. गाडी परिवहन खात्याची, चार्जर विद्युत निरीक्षकांचा, इमारत नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची, पूररेषा पाटबंधारे खात्याची, आग अग्निशमनाची. प्रत्येक जण आपला तुकडा बघतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, तिला वेगळा परवाना नको, असं स्पष्ट केलं. तो निर्णय बरोबर होता, नाहीतर एकही पॉइंट झाला नसता. पण त्याचा एक परिणाम असा की तालुक्यात किती पॉइंट आहेत आणि कुठे, हे सांगणारी एक यादी कोणाकडे मिळणं कठीण. पेट्रोल पंपाला आपलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दिवाळीतल्या फटाक्यांच्या स्टॉललाही परवाना लागतो. चार्जिंगला परवाना नको असेल तर नसू दे, पण नोंद तरी हवी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३० ने जिल्हा प्राधिकरणाला आपत्ती टाळण्यासाठी जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांना आणि स्थानिक संस्थांना निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. सगळे तुकडे एका टेबलावर येतात ती जागा आपली मे महिन्याची बैठक आहे.

तिथे एवढं ठरावं. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेने हॉटेलं, होमस्टे, पंप, सोसायट्या यांच्याकडून चार्जिंग पॉइंट आणि मोठ्या बॅटऱ्यांची नोंद घ्यावी. नोंदीला शुल्क लावू नये, नाहीतर कोणी नोंदवणार नाही आणि धरपकडीला माणसंही नाहीत. व्यावसायिक जागांवरच्या प्रत्येक पॉइंटचं अर्थिंग मे महिन्यात मोजावं, आरसीसीबीचा टाइप पाहावा, न्यूट्रल-अर्थचा जोड सापडला तर तो तिथल्या तिथे काढावा आणि पॉइंट दुरुस्तीपर्यंत बंद ठेवावा. पहिल्या वर्षी दंड करू नये, कारण दंडाच्या भीतीने लोक पॉइंट झाकून ठेवतील आणि रात्री वापरतील. पूर किंवा वादळाचा लाल इशारा आला की निळ्या रेषेच्या आतले चार्जर बंद करायचे आणि त्यांचा पुरवठा मुख्य स्विचपासून तोडायचा, हे इशाऱ्याच्या संदेशातच यावं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटींवर बुडालेली किंवा अपघातात ठेचलेली विजेची गाडी चढवू नये, असं मेरीटाइम बोर्डाने कळवावं.

विद्युत निरीक्षकांकडे एवढी माणसं नाहीत, हे उत्तर येईल आणि ते खरंही असेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंत्यांची सोय आहे. शिवाय आम्ही ठेकेदार आहोत, प्रत्येक तालुक्यात आहोत आणि अर्थ टेस्टर आमच्या गाडीत असतो. आमच्यातल्या काहींनी आपसात बोलून ठेवलं आहे. गुहागर तालुक्याची पहिली तपासणी आम्ही मजुरी न घेता करून देऊ. निरीक्षक कार्यालयाचा एक माणूस सोबत द्या, कारण आमच्या सहीच्या कागदाला होमस्टेवाला किंमत देत नाही. बैठकीची तारीख पंधरा दिवस आधी कळली तर आंब्याच्या कारखान्यांची कामं पुढे-मागे करता येतील.

आपला,
गुहागर तालुक्यातील एक परवानाधारक विद्युत ठेकेदार